घरातला ब्रेकर मधूनच पडतो: खरा दोष शोधण्याची पद्धत

ठरावीक वेळी पडणारा ब्रेकर फारसा त्रास देत नाही. गिझरचं बटण दाबलं की पडतो, म्हणजे गिझर उघडायचा आणि बघायचं. डोकं खातो तो दुसरा प्रकार. आज पडतो, मग बरेच दिवस गप्प असतो, एका रात्री सगळे झोपलेले असताना पडतो, आणि खटका वर केला की काही झालंच नाही असा राहतो. हे लिहितोय ते या दुसऱ्या प्रकारासाठी.

आधी एक गोष्ट ठाम सांगतो. ब्रेकर पडला त्या क्षणी जे उपकरण चालू केलं, तेच दोषी असेल असं नाही. आणि ज्या सर्किटची एमसीबी (त्या एका सर्किटचा छोटा ब्रेकर) बंद करून पाहिली ते सर्किट निर्दोष ठरलं, असंही नाही. या दोन समजुतींपायी लोक चांगला फ्रिज दुरुस्तीला देतात, चालू इस्त्री टाकून देतात, आणि दोष भिंतीत जिथल्या तिथे राहतो.

नळाला, गिझरला किंवा वॉशिंग मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, बोर्डातून जळका वास येत असेल किंवा एखादं सॉकेट तपकिरी पडलं असेल, तर खालचं काहीही करू नका. मेन बंद ठेवा आणि वायरमनला बोलवा. बोर्डाचं नुसतं दार उघडणं आणि खटके वर-खाली करणं कुणीही करू शकतं. स्क्रू काढून आतलं झाकण उघडणं हे ज्याला ते काम येतं त्याचंच.

नक्की पडतंय काय?

हे न पाहताच बहुतेक जण "लाइट गेली" म्हणतात. ज्यावर टेस्टचं छोटं बटण असतं ती आरसीसीबी. जुन्या सवयीने तिला ईएलसीबीही म्हणतात. बटण नसलेल्या, ओळीने बसवलेल्या अरुंद त्या एमसीबी. दोन्ही कामं एकाच डब्यात करणारी आरसीबीओ असते, तिलाही टेस्टचं बटण असतं. एमसीबी जास्त करंट गेला की पडते. आरसीसीबीला करंट किती जातोय याच्याशी देणंघेणं नाही; गेलेला करंट पूर्ण परत आला की नाही एवढंच ती बघते. म्हणून दोघींचा तपास पूर्ण वेगळा.

एमसीबी पडत असेल तर पडायला किती वेळ लागतो ते बघा. खटका वर करताक्षणी ठक्कन पडली तर शॉर्ट आहे, आणि सारखी वर करून बघण्यात अर्थ नाही; प्रत्येक वेळी तुम्ही त्याच जखमेवर पुन्हा वीज सोडता. वीस-तीस मिनिटं चालून पडली तर ओव्हरलोड आहे किंवा जोड ढिला आहे. २३० व्होल्टला १६ अँपियरच्या एमसीबीवर ३६८० वॅट मावतात. मानकानुसार ती रेटिंगच्या १.१३ पट करंट तासभर सहन करते आणि १.४५ पट झाला तर तासाच्या आत पडते. म्हणजे १८ अँपियरला टिकेल, २३ च्या पुढे गेलात तर उशिरा का होईना पडेल. तीन हजार वॅटचा गिझर आणि दोन हजार वॅटचा हीटर एकाच सर्किटवर असेल, तर "कधी पडते, कधी नाही" याचं उत्तर तिथेच आहे: दोन्ही एकत्र किती वेळ चालले यावर ते ठरतं.

हिशोबात लोड कमी आहे आणि तरी पडते, तेव्हा मला पहिला संशय येतो एमसीबीच्या टर्मिनलच्या स्क्रूचा. स्क्रू ढिला असला की तिथे उष्णता तयार होते, ती आतल्या, तापल्यावर वाकून खटका पाडणाऱ्या द्विधातूच्या पट्टीपर्यंत पोहोचते, आणि पट्टीला वाटतं करंटच जास्त आहे. या एमसीबी साधारण ३० अंश तापमान धरून जुळवलेल्या असतात, त्यामुळे तापलेल्या बोर्डात, पूर्ण लोडवर चालणाऱ्या दोन एमसीबींच्या मधली एमसीबी लवकर पडते. मेन बंद करून स्क्रू घट्ट करणं हा इलाज. वायरचं टोक काळं पडलं असेल तर तेवढं कापून नवं टोक बसवायचं, आणि एमसीबीचं टर्मिनल भाजलं असेल तर ती बदलायची. मोटर चालू होतानाच्या झटक्याने पडत असेल तर बी प्रकाराऐवजी सी प्रकारची लावतात. बी रेटिंगच्या ३ ते ५ पटीला तत्काळ पडते, सी ५ ते १० पटीला. पण हा बदल लूप (शॉर्टचा करंट ज्या वाटेने फिरतो तिचा रोध) मोजल्याशिवाय करू नये, कारण शॉर्ट झाला तेव्हा सी ला लगेच पाडण्याइतका करंट त्या वायरमधून जायला हवा.

एमसीबीचं प्रकरण इतकंच. खरी डोकेदुखी आरसीसीबीची.

आरसीसीबी का पडते

फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायर आरसीसीबीत एकाच लोखंडी कड्यातून जातात. जेवढा करंट फेजने गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला की कड्यात चुंबकत्व उरत नाही. थोडा जरी करंट अर्थमधून, ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून दुसऱ्या वाटेने निघून गेला की फरक पडतो आणि खटका खाली येतो. घरात ३० मिलीअँपियरची असते. मानक म्हणतं की ३० ला तिने ३०० मिलिसेकंदांच्या आत पडलंच पाहिजे आणि १५ पर्यंत पडता कामा नये. मधल्या पट्ट्यात तिची ती मुखत्यार. त्यामुळे "३० ची आहे ना, मग २२ ला कशी पडली?" या प्रश्नाला अर्थ नाही, २२ ला पडणारी आरसीसीबी अगदी ठणठणीत असते.

आता दुसरी बाजू. चांगली उपकरणंसुद्धा थोडा करंट अर्थला सोडतात. संगणक, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर एसी, एलईडीचे ड्रायव्हर यांत विजेतला गोंगाट गाळणारे फिल्टर असतात, आणि त्यांचे कपॅसिटर फेजमधून अर्थकडे किंचित गळती करतच असतात. तीन पिनांच्या संगणकासारख्या उपकरणाला ३.५ मिलीअँपियरपर्यंतची गळती मानकाला मान्य आहे. अशी पाच-सहा उपकरणं एकाच आरसीसीबीवर आली की दहा-बारा मिलीअँपियर कायमचे वापरले गेले. मग पाऊस पडला, भिंत दमट झाली, गिझरच्या कॉइलने थोडी भर घातली की खटका खाली. इथे कुठलंच उपकरण बिघडलेलं नसतं, दोष बेरजेचा असतो. मानकाची शिफारस अशी आहे की नेहमीची गळती आरसीसीबीच्या रेटिंगच्या ३० टक्क्यांवर जाऊ नये, म्हणजे ३० च्या खाली फक्त ९ मिलीअँपियर.

ही गळती मोजता येते. त्यासाठी मिलीअँपियर दाखवणारा लीकेज क्लॅम्प मीटर हवा. साध्या क्लॅम्पला एवढा बारीक करंट धड दिसत नाही. क्लॅम्पमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र घ्यायचे, मग जो आकडा उरतो ती गळती. वायरमनला बोलवताना "तुमच्याकडे लीकेज क्लॅम्प आणि मेगर आहे का?" हे आधी विचारा. मेगर म्हणजे जास्त व्होल्टेज लावून वायरच्या इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र. नुसता टेस्टर घेऊन येणाऱ्याला हा दोष सापडला तर तो नशिबाने.

कागद आणि प्लग

बोर्डाशेजारी एक कागद चिकटवा. पडल्याची तारीख, वेळ, पाऊस होता का, आणि घरात आपोआप चालू होणारं काय काय होतं ते लिहा. आपोआप चालू होणाऱ्या गोष्टी लोक विसरतात. गिझरचा थर्मोस्टॅट, पाण्याच्या टाकीचा पंप, टायमरवरचे दिवे, आणि सगळ्यात जास्त चकवा देणारा फ्रिज. बर्फ न साठणाऱ्या फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारा हीटर असतो, तो कित्येक तासांतून एकदा थोडा वेळ चालतो. त्याच्या टोकाशी ओल शिरली असेल तर फ्रिज दिवसभर नीट थंड करतो आणि भलत्याच वेळी आरसीसीबी पाडतो.

मग घरातले सगळे प्लग काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग सॉकेटमधून ओढून बाहेर. सॉकेटचं बटण बहुधा फक्त फेज तोडतं. न्यूट्रल आणि अर्थच्या पिना तशाच जोडलेल्या राहतात, आणि उपकरणात न्यूट्रल बॉडीला टेकला असेल तर ते बंद असूनही आरसीसीबी पाडू शकतं. गिझर, एसी, पंप हे थेट जोडलेले असतात. त्यांचा दोन्ही वायर तोडणारा स्विच असेल तर तो बंद करा, नसेल तर वायरमनकडून सोडवून घ्या.

आता वाट पाहायची. तपास फसतो तो बहुतेक याच ठिकाणी. दोन ट्रिपमध्ये आठवडा जात असेल तर एक रात्र शांत गेली यावरून काहीच सिद्ध होत नाही. कागदावर सगळ्यात मोठी खंड किती दिवसांची दिसते ते बघा आणि निदान तेवढं थांबा. इतकं थांबणं जमत नसेल तर गळती मोजण्याचा रस्ता धरा, तो त्याच दिवशी उत्तर देतो.

प्लग काढल्यावर शांतता झाली तर निम्मी उपकरणं लावा. पुन्हा पडलं तर दोषी त्या निम्म्यात, नाही पडलं तर उरलेल्यात. असं निम्मं-निम्मं करत गेलं की यादी झपाट्याने आटते. मात्र दोन्ही निम्मे वेगवेगळे शांत राहिले आणि एकत्र लावल्यावरच पडलं, तर तो बेरजेचा दोष आहे, उपकरणं बदलू नका.

उपकरणांत पाणी आणि उष्णता जिथे एकत्र येते तिथे आधी बघावं. गिझरच्या कॉइलमध्ये धातूच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. टोकाचं सील सैल झालं की ही पूड हवेतली ओल शोषते. बरेच महिने बंद असलेला गिझर पहिल्या दिवशी आरसीसीबी पाडतो आणि थोडा तापला की शहाण्यासारखा वागतो, त्याचं कारण हे, पूड वाळली. पण नळीला बारीक तडा असेल तर उलटं होतं, तापल्यावर तडा उघडतो आणि तेव्हा पडतं. मल्टीमीटर लावून "कॉइल ठीक आहे" असं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मल्टीमीटर जेमतेम काही व्होल्टवर तपासतो, हा दोष ५०० व्होल्टच्या मेगरला दिसतो.

सगळे प्लग बाहेर, तरीही पडते

आता दोष वायरिंगमध्ये आहे, आणि बहुतेक वेळा तो न्यूट्रलचा असतो. लोक फेजमागे धावतात, कारण शॉक फेजचा बसतो. पण आरसीसीबीला फेज आणि न्यूट्रल सारखेच.

मी पाहिलेलं एक घर. इस्त्री लावली की आरसीसीबी पडायची. नवी इस्त्री आणली, तीही पाडायची. दुसऱ्या खोलीत लावली तरी तेच. कधी कधी इस्त्री अर्धा तास चालायची आणि काहीच व्हायचं नाही. तिथल्या माणसांनी प्रत्येक एमसीबी बंद करून पाहिली होती, तरी दोषी सर्किट सापडत नव्हतं. दोष निघाला बाहेरच्या भिंतीवरच्या दिव्यात. तो दिवा कुणी लावतच नसे. त्याच्या लोखंडी डब्याचं झाकण बसवताना काळ्या, म्हणजे न्यूट्रलच्या वायरची कातडी झाकण आणि डब्याच्या कडेमध्ये चिमटली होती. नखाएवढं तांबं उघडं पडून डब्याला टेकलं होतं, आणि त्यावर हिरवा थर चढला होता. डबा अर्थला जोडलेला, म्हणजे न्यूट्रल अर्थला टेकला.

बंद दिवा इस्त्रीला पाडतो कसा, हे समजलं की अर्धं कोडं सुटतं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात घरात थोडा व्होल्टेजचा फरक असतो, कारण न्यूट्रलमधून करंट परत जाताना वायरीत थोडा व्होल्टेज पडतो. लोड कमी असेल तर हा फरक नगण्य. इस्त्रीचे पाच-सहा अँपियर वाहू लागले की तो वाढतो. समजा तो १ व्होल्ट झाला आणि टेकलेल्या जागेपासून जमिनीपर्यंतच्या वाटेचा रोध २० ओहम आहे. तर ५० मिलीअँपियर न्यूट्रल सोडून अर्थच्या वाटेने निघून गेले. आरसीसीबी पडणारच. फरक ०.२ व्होल्टच राहिला तर फक्त १० मिलीअँपियर जातात, आणि ती टिकते. इस्त्रीऐवजी हीटर लावला असता तरी तेच झालं असतं. इतकंच काय, शेजारच्या घरांच्या लोडमुळेही पुरवठ्याच्या न्यूट्रलवर थोडा व्होल्टेज चढतो, म्हणून आपल्या घरात सगळं बंद असतानाही रात्री आरसीसीबी पडू शकते.

एमसीबी बंद करून दोषी का सापडला नाही? कारण नेहमीची एक-पोलची एमसीबी फक्त फेज तोडते. त्या सर्किटचा न्यूट्रल बोर्डातल्या न्यूट्रल लिंकवर (सगळे न्यूट्रल एकत्र येतात त्या पट्टीवर) जोडलेलाच असतो. एमसीबी बंद केल्याने फेज-अर्थचा दोष वगळला जातो, न्यूट्रल-अर्थचा वगळला जात नाही. ज्यांनी "मी सगळ्या एमसीबी तपासल्या" म्हणून तपास सोडला, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

हा दोष पकडायची रीत अशी, आणि ही वायरमननेच करायची. मेन आणि आरसीसीबी दोन्ही बंद करा. आरसीसीबी दोन्ही पोल तोडते, त्यामुळे तिच्या पुढची न्यूट्रल लिंक आता मोकळी झाली. सगळे प्लग बाहेर, एलईडी दिवे, डिमर, सर्ज रोखणारं यंत्र सोडवलेलं. नाहीतर मेगरच्या ५०० व्होल्टने ती खराब होतील किंवा आकडा खोटा येईल. मग न्यूट्रल लिंक आणि अर्थ लिंक यांच्यात रोध मोजा. काही ओहम किंवा किलोओहम दाखवलं तर न्यूट्रल कुठेतरी टेकलाय. आता लिंकवरून एकेक न्यूट्रल वायर काढत जा आणि मीटरकडे बघा. जी काढल्यावर आकडा एकदम वर जातो ती दोषी. वायर काढायच्या आधी प्रत्येकीवर नंबर चिकटवा, कारण न्यूट्रलचा क्रम एमसीबीच्या क्रमाशी जुळतोच असं नाही. मग त्या सर्किटचे जोड डब्या-डब्याने उघडत निम्म्या-निम्म्याने पुढे सरकायचं. घट्ट टेकलेला न्यूट्रल साध्या मल्टीमीटरलाही दिसतो. ओलीमुळे गळणारा फक्त मेगरला.

मेगरच्या आकड्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मानकाची किमान मर्यादा १ मेगओहम आहे, पण ती पास होण्यापुरती. घरातली बाकी सर्किटं २०० मेगओहम दाखवतायत आणि एक दीड दाखवतंय, तर ते दीडवालं नियमात बसत असलं तरी तिथेच खोदायला हवं. आणि पावसात पडणारा दोष पावसातच मोजा. कोरड्या दिवशी मेगर लावून "सगळं ठीक" म्हणणारा वायरमन खोटं बोलत नसतो, पण त्या दिवशी ओलच नसते. बाहेरचे दिवे, गच्चीवरचा पंप, घंटेचं बटण, भिंतीत पाणी उतरणाऱ्या पाइपातल्या वायरी, उंदरांनी कुरतडलेल्या माळ्यावरच्या वायरी, चित्रासाठी ठोकलेला खिळा. शोध बहुधा यांतल्याच एखाद्यापाशी संपतो.

बोर्डात दोन आरसीसीबी असतील तर आणखी एक शक्यता: एका सर्किटचा फेज पहिलीतून आणि न्यूट्रल दुसरीतून. जिन्याच्या दोन स्विचांच्या दिव्यात हे हमखास होतं. हा दोष ओळखायला सोपा, कारण थोडा मोठा दिवा लावला की न चुकता पडतं. घरात बॅटरीचा इन्व्हर्टर नंतर बसवला असेल आणि तेव्हापासून त्रास सुरू झाला असेल, तर त्याच्या सर्किटांचा न्यूट्रल आरसीसीबीच्या कुठल्या बाजूला जोडलाय ते आधी बघा.

आरसीसीबीच बिघडली असेल का? असेलही, पण तो संशय शेवटी. तिच्या पुढच्या दोन्ही वायर सोडवून नुसती चालू ठेवा. मोकळी असतानाही पडली तर ती किंवा पुरवठ्यातले झटके. विजांच्या कडकडाटात पडत असेल तर असे झटके पचवणाऱ्या, जास्त प्रतिकारक्षम प्रकारच्या आरसीसीबी मिळतात. नेमक्या किती मिलीअँपियरला पडते ते चाचणी यंत्राने मोजता येतं. १५ च्या खाली पडत असेल तर बदला.

हे करू नका

उपकरणाची अर्थ वायर काढली की ट्रिप थांबते. हा "इलाज" सुचवणारे भेटतात, आणि मला त्याची मनापासून भीती वाटते. गळती थांबलेली नसते. आता तो करंट उपकरणाच्या बॉडीवर वाट बघत बसतो, आणि ओल्या हाताने जो पहिल्यांदा शिवेल त्याच्या अंगातून जमिनीत जातो. साधारण १० मिलीअँपियरला स्नायू आखडून हात सुटत नाही, ३० च्या पुढे करंट टिकला तर हृदयाला धोका असतो. ३० ची काढून १०० किंवा ३०० ची बसवणं हाही तोच प्रकार. ३०० ची आगीपासून वाचवण्यासाठी असते, माणसाला वाचवण्यासाठी नाही. आरसीसीबी बायपास करून "तात्पुरतं" चालवणं तर नकोच.

बेरजेचा दोष असेल तर सर्किटं वाटणं हाच रस्ता. दोन-तीन आरसीसीबी किंवा प्रत्येक सर्किटला स्वतंत्र आरसीबीओ. खर्च होतो, पण पुढे कधी पडलं तर नेमकं कुठलं सर्किट ते पडलेल्या खटक्यावरूनच कळतं, आणि गिझरपायी फ्रिज बंद पडत नाही. आरसीसीबी बदलताना "एसी" प्रकाराऐवजी "ए" प्रकारची घ्या (ही आरसीसीबीच्या प्रकारांची नावं, एअर कंडिशनरशी संबंध नाही). एसी प्रकार फक्त साधी उलटसुलट गळती ओळखतो. इलेक्ट्रॉनिक उपकरणांतून येणारी स्पंदित एकदिश गळती त्याला नीट दिसत नाही, म्हणजे पडायला हवं तेव्हा तो पडणार नाही.

दुरुस्तीनंतर टेस्टचं बटण दाबून खटका पडतो का बघा, आणि कागदावरची सगळ्यात मोठी खंड पुन्हा एकदा शांत जाऊ द्या. वायरमन जायच्या आधी प्रत्येक सर्किटचं मेगरचं आणि गळतीचं रीडिंग त्याच्याकडून तारखेसह लिहून घ्या, आणि तो कागद बोर्डाच्या दाराच्या आतून चिकटवा. पुन्हा कधी पडलं तर मोजणी करून या आकड्यांशी ताडून बघा, आणि ज्याचा आकडा घसरलाय त्या सर्किटपासून सुरुवात करा.